सातवा रकाना

मुलगा बघायला आले आहे
असं म्हटलं तर लग्नाचंच वाटेल,
आणि ते फारसं चूकही नाही.
चहा आहे, बशीत बिस्किटं आहेत,
कोच वायदोतासचं न थांबणारं कौतुक आहे,
आणि मुलगा मान खाली घालून उभा.

बिर्झायच्या शाळेचा हॉल. जानेवारी.
खिडक्यांना आतून बर्फाची बुरशी,
रेडिएटरवर वाळत घातलेले कुणाचे तरी मोजे.
झिगिमान्तास. पंधरा वर्षं, चार महिने.
दोनशे आठ सेंटिमीटर.
त्याच्या डोक्यावर पट्टी टेकवायला
मला खुर्चीवर चढावं लागलं,
आणि मी स्वतः एकशे नव्वद.

पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
याचे दुसऱ्याच महिन्यात
पाळण्याबाहेर आले असतील,
आणि तेव्हापासून सगळे पायच बघताहेत.

तो पळतो तेव्हा
गुडघ्यांना निरोप उशिरा पोचतो.
चेंडू येऊन लागतो, मग त्याला आठवतं
की हा हात आपलाच.
चार रिबाउंड घेतले, चारही उडी न मारता.
समोरच्या पोराचा कान
याच्या कोपराशी.
गुडघाभर पाण्यात पोहणाऱ्याचा
दम कसा बघायचा?

वायदोतास मनगटाचा एक्स-रे खिडकीला लावून दाखवतो.
हाडाच्या टोकाशी बारीक काळी रेघ,
दार किलकिलं राहावं तशी.
"अजून वाढणार," तो म्हणतो,
जणू हे त्यानेच ठरवलंय.
त्या फटीतून काय काय आत येईल?
पाच सेंटिमीटर? आठ?
की नुसतीच पाठदुखी?

आईची उंची एकशे एक्याऐंशी.
ती बेकरीतून थेट आली आहे, भुवयांना पीठ.
वडिलांची?
"नाही माहीत," ती म्हणते.
"जाताना दाराची चौकट लागली होती डोक्याला.
एवढंच आठवतं."
तशी नोंद करायला
छापील कागदावर जागा नाही.

स्किर्मांतासला मी दहापैकी नऊ दिले होते.
तो आता श्याउल्याईत छपरांवर पत्रे बसवतो,
'मला शिडी लागत नाही' असं लिहून
दर नाताळला कार्ड पाठवतो.
ते पाकीट उघडायला मला आठवडा लागतो.
आणि ज्याला तीन दिले,
शेऱ्यात एकच शब्द: 'लाकूड',
त्याचं नाव इथे सांगत नाही.
काउनासच्या बसथांब्यावर त्याचं पोस्टर आहे.
रोज सकाळी मी
त्याच्या हनुवटीखाली बसची वाट बघते.

सातवा रकाना: 'अंतिम अंदाज'.
रुंदी दोन बोटं.

खेळ संपला. पोरं गेली.
हॉलचं दार अडीच मीटरचं,
तरी बाहेर पडताना हा वाकला.
मग परत आला, परत वाकून,
आणि माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीला विचारलं,
"तुम्ही बूट कुठून घेता?"

मी खाली पाहिलं.
बुटाच्या टोकाशी अंगठ्याचा उंचवटा,
दोन मापं लहान बूट, निदान दोन.
म्हणजे सगळा सामना हा
बोटं मुडपून पळत होता.
आणि मी गुडघ्यांबद्दल
अर्धं पान लिहून बसले होते.

रीगाच्या बाजारामागे एक दुकान आहे.
म्हातारा इमान्त्स, एका कानाने बहिरा.
माप सांगितल्यावर हसत नाही.
पत्ता लिहून दिला.
त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली,
कुठे ठेवावी कळेना,
तर मुठीतच ठेवली.

परतीच्या बसमध्ये
पुढच्या सीटला गुडघे टेकवून कागद उघडला.
पासवालीसला सहा लिहिलं.
पानेवेझीसला खोडलं.
शेऱ्यात लिहिलं: 'बूट बदलल्यावर पुन्हा बघणे',
आणि हे वाचून ऑफिसात हसतील,
हेही कळत होतं.

काउनासला उतरले तेव्हा रात्र झाली होती.
थांब्यावर तो तसाच,
दिव्याखाली,
माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत.